साक्षीदाराचा डोळा

शाबान ९, गुरुवार

शाळेत डोळ्यांचं शिबिर होतं. मी तिथे माझ्या डोळ्यांसाठी गेलो नव्हतो, हे आधीच लिहून ठेवतो. "तुम्ही येणार नसाल तर मीही जात नाही," म्हणून रकिया अडून बसली, त्यामुळे जावं लागलं. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोला आणखी काही येवो न येवो, नवऱ्याला कुठल्या दाव्यात कसं गोवायचं ते नेमकं येतं.

वर्गात एक पांढरी पेटी मांडली होती. तिच्यावर हनुवटी टेकवायची आणि आतल्या हिरव्या ठिपक्याकडे बघायचं. क्षणभर लख्ख उजेड होतो आणि डोळ्याच्या आतला पडदा चित्रासारखा समोर येतो. पूर्वी यासाठी डोळ्यात थेंब घालून दिवसभर आंधळ्यासारखं बसवून ठेवत. आता तेही नाही, आणि डॉक्टरही नाही. पेटीच चित्र वाचते आणि पेटीच निकाल देते. रकियाच्या नावापुढे हिरवी खूण आली. माझ्या नावापुढे लाल.

"यंत्र बिघडलंय," मी तिथल्या मुलीला म्हणालो.

"सी तहामी, सकाळपासून सव्वाशे माणसं तपासली त्याने."

"मग दमलं असेल बिचारं."

मुलगी हसली, पण नावाआधी आदराचा 'सी' लावूनही जिल्ह्याच्या इस्पितळाची चिठ्ठी तिने दिलीच. छत्तीस वर्षं मी या खोऱ्यात अदूल, म्हणजे काझीचा साक्षीदार-लेखक, होतो. लोकांचे निकाह, वाटण्या, कबुलीजबाब माझ्या हाताने कागदावर उतरले. आजही दर महिन्याच्या एकोणतीस तारखेला सूर्य बुडायच्या आधी मी टेकडीवर चढतो आणि नवा चंद्र दिसला की नाही याची साक्ष देतो. कोऱ्या कागदावर चौकोनी अक्षर काढतो, वर्तमानपत्र चष्म्याशिवाय वाचतो. आणि ही पेटी मला लाल खूण देते!

येताना रकिया माझ्या उजव्या हाताला बाही धरून चालत होती. हल्ली ती तिथेच चालते. तरुणपणी चार पावलं मागे राहायची, आता म्हातारपणी लाड सुरू झालेत.

शाबान १६, गुरुवार

इस्पितळात डॉक्टर घिझलान म्हणून एक बाई आहेत. वय माझ्या धाकट्या मुलीएवढं. आधी त्यांनी एका यंत्राने डोळ्यामागच्या नसेचा आडवा छेद घेतला. सुरी नाही, काही नाही, नुसत्या उजेडाने. पडद्यावर थर दाखवले, आमच्या ओढ्याच्या काठाला मातीचे दिसतात तसे. एक थर काही ठिकाणी पार झिजलेला होता.

"काचबिंदू आहे, सी तहामी. दोन्ही डोळ्यांत. उजव्यात जास्त."

"मग काढून टाका. आमच्या गावच्या हम्मूचा काढलात की पाच वर्षांपूर्वी."

"त्यांचा मोतीबिंदू होता. तो ढग असतो, काढला की पलीकडचं दिसतं. इथे डोळ्यातला दाब वाढून मागची नस मरत चाललीय. मेलेली परत आणता येत नाही. जी उरलीय ती राखता येते."

"पण मला तर सगळं दिसतंय."

"तीच या रोगाची खोड आहे. समोरचं शेवटपर्यंत दिसतं. कडेचं जातं. आणि जिथलं गेलं तिथे काळोख दिसत नाही. मेंदू आजूबाजूचं घेऊन ती जागा बुजवून टाकतो. ओळखीच्या जागेत तर फारच सफाईने."

बाई बोलतात चांगल्या. मी म्हटलं, साक्षीदार म्हणून उभ्या राहिलात तर पक्षकाराचं भलं होईल.

त्यांनी घरी न्यायला एक छोटं यंत्र दिलं. कपाळाला आणि गालाला टेकवायचं, बटण दाबायचं, की एक बारीक सुई डोळ्याला भुंग्याच्या पायासारखी स्पर्श करून जाते आणि दाबाचा आकडा सांगते. आकडा आपोआप इस्पितळात पोचतो. शिवाय थेंब, दिवसातून तीनदा. खरं तर त्यांना दुसरंच करायचं होतं. आधी लेसरने डोळ्यातलं पाणी निचरायची वाट मोकळी करायची, मग तांदळाच्या कणीहून बारीक अशी औषधाची गोळी डोळ्यातच ठेवून द्यायची. ती महिनोन् महिने हळूहळू विरघळते. त्याचा अभ्यास चालू आहे, आणि माझ्यासारखी माणसं त्यांना हवी आहेत.

मी म्हटलं, ईदनंतर बघू.

खरं कारण इथे लिहितो, कारण इथे कोणी वाचत नाही. साक्षीदाराच्या डोळ्यात काही घातलंय हे गावाला कळलं, तर साक्ष संपली. कायदा मला कोणी शिकवायला नको. ज्याची नजर संशयात, त्याचा शब्द संशयात. माझ्या बापानेही त्याच टेकडीवरून चंद्र पाहिला. मी गेल्यावर लोक काय म्हणतील याची मला पर्वा नाही, पण मी जिवंत असताना काय म्हणतात याची आहे.

शाबान २९, बुधवार

टेकडीवर आज वीसेक माणसं होती. धर्मखात्याकडून सी जवाद फोन घेऊन उभे. थंडी बोचरी. दुसरा साक्षीदार हम्मू, नेहमीप्रमाणे माझ्या उजव्या खांद्याला खांदा लावून.

सूर्य बुडाला. मी पश्चिमेच्या डोंगरातल्या खाचेकडे बघत होतो. अजून डोळे नीट लावतोय तोच हम्मू ओरडला, "तो बघ! खाचेच्या डावीकडे, वाळक्या खजुरीच्या शेंड्यावर दोन बोटं!"

"दिसला," मी म्हणालो. मग सी जवादना नीट सांगितलं: खाचेच्या डावीकडे, खजुरीच्या शेंड्यावर दोन बोटं, शिंगं वर. त्यांनी फोन लावला. हम्मू म्हातारपणी फार बोलका झालाय. माझ्या तोंडातला घास काढून घेतल्यासारखा चंद्र काढून घेतो. चार वर्षांत एकदा म्हणून मला पहिलं बोलू दिलेलं नाही. मला तर तो आधीच दिसला होता.

खाली येताना कोणीतरी वाटेत दगड आणून टाकला होता. पडता पडता वाचलो. हम्मूने धरलं.

उद्यापासून रोजे.

रमजान १, गुरुवार

दुपारचा थेंब घातला आणि थोड्याच वेळात घशात कडू चव उतरली. रोजा तुटला की काय या शंकेने संध्याकाळपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता. पहिलाच दिवस. उद्यापासून दिवसा थेंब नाहीत.

रमजान ४, रविवार

मशिदीतले धर्मशास्त्री, फकीह लहसन, यांना विचारलं. अर्थात, "एका ओळखीच्या माणसाचा प्रश्न आहे" म्हणून.

"डोळ्यातलं औषध घशात उतरलं, चव लागली, तर आमच्या मताने रोजा गेला," ते म्हणाले. "पण तो माणूस आजारी असेल तर त्याला सूट आहे. नंतर भरून काढावा. नाहीतर सूर्य बुडाल्यावर आणि पहाटे घालावं. दुपारचं चुकवायचं की नाही ते त्याच्या डॉक्टरला विचारावं. डोळा काही देवाने उपाशी ठेवायला सांगितलेला नाही."

"तो माणूस आजारी नाहीये."

"मग थेंब कशाला घालतोय?"

मी चपला पायात सरकवू लागलो. फकीह मागून म्हणाले, "त्या ओळखीच्या माणसाला सांग, तब्येतीला जप."

रात्रीचा थेंब मात्र घालतो. निदान डोळ्याच्या दिशेने घालतो. रकिया म्हणते अर्धा गालावरून ओघळतो. ती घालून द्यायला येते, मी येऊ देत नाही.

रमजान ९, शुक्रवार

या घरात माझ्याविरुद्ध काहीतरी कट शिजतोय. परवा दारातला उंबरा चुन्याने पांढरा करून ठेवला. का, तर म्हणे रमजानात बरं दिसतं. काल जिन्याच्या पायऱ्यांच्या कडा. चुना काय ओढ्यातून वाहत येतो? आज रोजा सोडायचं हरीरा सूप वाढून झाल्यावर मी चहा ओतायला घेतला, तर किटली ठेवली होती त्या जागी नव्हतीच. धक्का लागला, चहा पायावर सांडला.

"किटली कशाला हलवतेस तू?"

"किटली तिथेच होती," रकिया म्हणाली. "आपलं लग्न झाल्यापासून तिथेच आहे."

मग चहा ओतताना तिने माझं मनगट धरून जरा उजवीकडे केलं, पेल्यावर आणलं. हे तिचं नवीनच. बोलत नाही, हात धरते आणि हलवते. मीठ घेताना, कुलपात किल्ली घालताना. मी रागावलो तर म्हणते, "सवय लागली." मी काय पोर आहे?

रमजान १३, मंगळवार

डॉक्टर घिझलान यांचा फोन.

"सी तहामी, तुम्ही सूर्य बुडताना काय करता?"

"सगळे करतात तेच. रोजा सोडतो."

"कसा?"

हा काय प्रश्न! तीन खजूर, आणि मातीच्या भांड्यातलं गार पाणी. दिवसभर खजुरीच्या बागेत फिरल्यावर पाणी कसं लागतं हे शहरातल्या माणसाला काय सांगायचं? आमच्याकडे भांडं तोंडाला लावलं की रिकामं झाल्याशिवाय खाली येत नाही. बापही तसाच प्यायचा.

"तरीच," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरच्या यंत्रात रोज संध्याकाळी दाब उडी मारतो. बावीसचा एकतीस, कधी तेहतीस. तासाभराने उतरतो. इस्पितळात तुम्ही सकाळी येता, तेव्हा आम्हाला हे कधीच दिसलं नसतं. पाणी घोट घोट प्या. अर्धं आधी, अर्धं नमाजनंतर. आणि दिवसाचे थेंब?"

"घेतो."

"आकडे तसं म्हणत नाहीत."

मी फोन ठेवला. घरातलं यंत्र माझ्यामागे इस्पितळात जाऊन साक्ष देतंय. उलटतपासणीची सोय नाही.

संध्याकाळी मातीच्या भांड्याच्या जागी चहाचा पेला होता, पाण्याने भरलेला. रकियाने फोन ऐकला असणार.

रमजान २०, मंगळवार

आज त्यांनी पाणबुड्यासारखा चष्मा चढवला. आत काळोख असतो आणि मध्ये एक ठिपका. नजर ठिपक्यावर ठेवायची. कडेकडेने बारीक दिवे लागतात, काही ठळक, काही अगदी मंद. दिसला की हातातलं बटण दाबायचं. महिनाभरापूर्वीही ही तपासणी झाली होती, पण तेव्हा मी नवखा होतो. आज मला तिचा ताल सापडला. दिवा, थोडी उसंत, दिवा, थोडी उसंत. आयुष्यभर साक्षीदारांचं बोलणं ऐकून पुढचं वाक्य काय येणार ते ओळखलेला माणूस मी. मी तालावर दाबत गेलो. एकही सोडला नाही. बाहेर आलो तेव्हा स्वतःवरच खूश होतो.

डॉक्टरांनी निकालाचा कागद माझ्यासमोर ठेवला.

"यात एक गोष्ट असते, सी तहामी. मधून मधून यंत्र मुद्दाम दिवा लावत नाही. नुसतं थांबतं. माणूस तेव्हाही बटण दाबतो का ते बघायला."

"मग?"

"तुम्ही दाबलंत. तीनात एकदा. काही नसताना."

कागदाच्या वरच्या कोपऱ्यात एक ओळ छापली होती. मी चष्म्याशिवाय वाचली. *निष्कर्ष विश्वासार्ह नाही.*

छत्तीस वर्षं हा शेरा मी दुसऱ्यांच्या साक्षींवर मारत आलोय.

"तुम्ही खोटं बोललात असं मी म्हणत नाही," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "तुम्हाला खरंच वाटलं की दिसलं. पण असा कागद असला की मला आत किती उरलंय ते कळत नाही, आणि मग किती जपायचं तेही कळत नाही. न दिसलेलं न दिसलेलं म्हणून सांगणं, तेवढीच मदत तुम्ही मला करू शकता."

मी उठलो. दाराला खांदा लागला.

रमजान २१, बुधवार

काही लिहायचं नाही.

रमजान २७, मंगळवार

सहा दिवस विचार केला. यंत्र चुकीचं आहे. असलंच पाहिजे. पेटीतले दिवे वेगळे, आकाशातला चंद्र वेगळा. हातच्या कांकणाला आरसा कशाला? परवा टेकडीवर बघूच.

सकाळी हम्मूकडे गेलो. तो गाढवाला कोंडा घालत होता.

"परवा वर गेल्यावर तोंड बंद ठेवायचं," मी म्हणालो. "आधी मी बोलणार. तू नाही."

हम्मूने हातातलं टोपलं खाली ठेवलं. "का रे?"

"माझी मर्जी."

"तहामी, चंद्र काय कोणाच्या बापाचा आहे? ज्याला आधी दिसेल तो बोलेल."

"चार वर्षं तूच बोलतोयस. एकदा मला बोलू दे."

तो गाढवाच्या मानेवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "बरं. नाही बोलत. पण तुला मदत लागली तर नुसता खोक."

मदत! मला!

घरी सांगितलं तर रकिया म्हणाली, "जाऊच नका या वेळी. सर्दी झाली म्हणून सांगा." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी विचारलं, का रडतेस? ती म्हणाली, कांदा. समोर कांदा नव्हता. का मलाच दिसला नाही?

रमजान २९, गुरुवार

सावकाश लिहितो. एकही गोष्ट गळायला नको.

आकाश धुतल्यासारखं होतं. टेकडीवर बरीच गर्दी. उद्या ईद की परवा, म्हणून सगळ्यांचे कान तिथेच. रकियाने ईदच्या गोडाची शेबाकिया तळून ठेवलेली. खाली गावात बायका गच्च्यांवर उभ्या. हम्मू माझ्या उजवीकडे, हात पाठीशी, ओठ मिटलेले. सी जवाद फोन घेऊन माझ्या समोर. लोकांची रीतच आहे, माझ्या तोंडाकडे बघायचं.

या महिन्यात चंद्र खाचेच्या उजवीकडे सरकतो, हे मला पाठ आहे. किती सरकतो तेही पाठ आहे. म्हणून कुठे बघायचं ते मी दुपारीच ठरवून ठेवलं होतं: खाचेच्या उजवीकडे चार बोटं, कड्यापासून तीन बोटं वर. सूर्य गेला. पिवळं होतं ते गुलाबी झालं. मी त्या जागेकडे बघितलं.

आणि मला तो दिसला.

म्हणजे, दिसणारच असं वाटलं. त्या जागी एक बारीक पांढरी रेघ आहे, आत्ता स्पष्ट होईल, असं वाटलं. "दिसला" हा शब्द जिभेच्या टोकावर आला. हात उचलला गेला. आणि मला त्या चष्म्यातला ताल आठवला. दिवा, उसंत, दिवा, उसंत. जिथे दिवा नव्हता तिथेही मी बटण दाबलं होतं, आणि तेव्हाही मला नेमकं असंच वाटलं होतं. आत्ता वाटतंय तसंच. दोन्हींत केसाचाही फरक नव्हता.

मला भीती वाटली. खोटी साक्ष देणारे मी पुष्कळ बघितलेत. ते घाम पुसतात, चुळबुळ करतात, त्यांना आपण खोटं बोलतोय हे माहीत असतं. मला काहीच होत नव्हतं. मी अगदी शांत होतो.

"सी तहामी?" सी जवादनी विचारलं. "दिसला का?"

हम्मूचा श्वास ऐकू येत होता. खोकलो असतो तर त्याने सांगितलं असतं.

हात खाली घेतला. "नाही," मी म्हणालो. "मला दिसत नाही."

लोकांत कुजबुज झाली. हम्मूने माझ्याकडे बघितलं, मग समोर बघितलं, मग चोरट्यासारखा म्हणाला, "मला दिसतोय." मागून आणखी दोघं ओरडले, तो बघा, तो बघा. सगळ्यांची बोटं वर गेली. त्या बोटांच्या रेषेत मी मान वळवली, आणखी वळवली, आणि तेव्हा तो सापडला. नखाच्या कात्रणाएवढा, कड्याला जवळजवळ टेकलेला. मी ठरवलेल्या जागेपासून मूठभर उजवीकडे आणि खाली. जिथे मी बोट दाखवणार होतो तिथे आकाश रिकामं होतं.

सी जवादनी फोन लावला. गावात ढोल सुरू झाले. सगळे उतरले, आम्ही दोघं मागे राहिलो.

"कधीपासून?" मी विचारलं.

"चौथं वर्ष," हम्मू म्हणाला. "एकदा तू भलतीकडे बोट केलंस. मी पटकन खरी जागा ओरडून सांगितली, तू लगेच तीच म्हणालास. तेव्हापासून मी आधी बोलतो."

"म्हणजे माझ्या साक्षी..."

"चंद्र खरा होता, तहामी. प्रत्येक वेळी मी डोळ्यांनी बघितलाय. एकदाही खोटं बोललो नाही."

"पण साक्षीदार दोन लिहिले गेले. आणि डोळा एकाचाच होता."

त्याने पायाने एक खडा बाजूला सारला. मग म्हणाला, "तुला सांगायचं कसं? टेकडी काढून घेतली तर तुझ्याकडे काय राहतं?"

मी त्याच्यावर ओरडायला हवं होतं. जमलं नाही. काळोखात त्याने माझा दंड धरला आणि मी पहिल्यांदाच धरू दिला. वाटेत एकही दगड नवीन नव्हता. सगळे बापाच्या वेळचेच होते.

शव्वाल १, शुक्रवार, ईद

नमाजनंतर सी जवादना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. माझं नाव साक्षीदारांतून काढा म्हटलं. ते म्हणाले, "काल तुम्ही नाही म्हणालात, तीच सगळ्यात भरवशाची साक्ष होती." गोड बोलणारा माणूस आहे. नाव मात्र काढतील. लोकांत कुजबुज होईल, होऊ दे. मला वाईट वाटतंय, फार वाईट वाटतंय. ईदच्या दिवशी लिहू नये, पण दुपारी भिंतीकडे तोंड करून रडलो.

रकिया मागे येऊन बसली. "उंबऱ्याचा चुना," मी म्हणालो. "रमजानासाठी नव्हता."

"नव्हता."

"किटली तिथेच होती."

"तिथेच होती हो."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंत? शिबिरात तुम्हाला कोणी नेलं?" मग तिने शेबाकियाचं ताट माझ्या डाव्या हाताला सरकवलं, जिथे मला ते दिसतं.

शव्वाल ६, बुधवार

लेसर झाला. हिरव्या ठिणग्या दिसल्या, दुखलं नाही. नंतर ती कणीएवढी गोळी डोळ्यात बसवली. त्या वेळी मी रकियाचा हात इतका घट्ट धरला होता की तिची बांगडी वाकली.

"आता थेंब विसरलात तरी चालेल," डॉक्टर घिझलान म्हणाल्या. "औषध आत बसून आपलं काम करेल. पण पाणी घोट घोट."

"गेलेलं येणार नाही ना?"

"नाही, सी तहामी."

दर वेळी हेच विचारतो. दर वेळी त्या तेवढ्याच नीटपणे नाही म्हणतात. मला त्या आवडायला लागल्यात.

शव्वाल २०, बुधवार

दाब चौदा. पुन्हा तो चष्मा. ताल ऐकू आला, पण मी त्याच्यामागे गेलो नाही. दिसलं तर दाबलं, नाही तर हात ढिला सोडून बसलो. कितीतरी वेळ काहीच आलं नाही. काळोखात बसून, इथे दिवा असेल आणि तो मला दिसत नसेल, हे मनाशी कबूल करत राहणं किती जड असतं! छत्तीस वर्षांत एवढी अवघड साक्ष दिली नाही.

कागद आला. उजवी बाजू जवळजवळ सगळी काळी, मागच्यापेक्षा कितीतरी काळी. मला धडकी भरली. पण वरच्या कोपऱ्यातली ती ओळ या वेळी नव्हती.

"हा खरा आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आता यापुढे एक ठिपकाही जाऊ द्यायचा नाही."

मग त्यांनी शिकवलं, जिथे दिसत नाही तिथे नजर घेऊन जायचं. मान हळूहळू वळवायची, अंगण झाडल्यासारखी, पट्ट्यापट्ट्याने. कुठलाही कोपरा माहीत आहे म्हणून सोडायचा नाही.

शव्वाल २९, शुक्रवार

आज टेकडीवर गेलो नाही. हम्मू बोलवायला आला होता. "नुसता बस, साक्ष देऊ नकोस," म्हणाला. म्हटलं, पुढच्या महिन्यात. त्याच्या जोडीला आता फकीह लहसन जातात.

सूर्य बुडताना रकियाबरोबर गच्चीवर गेलो. ती उजव्या हाताला उभी राहिली. मी म्हटलं, "काही बोलू नकोस हं." ती म्हणाली, "मी कधी बोलते?"

कुठे असेल याचा हिशेब मनात आपोआप सुरू झाला. तो बाजूला ठेवला. डाव्या टोकापासून सुरुवात केली. मान थोडी वळवायची, थांबायचं, बघायचं. खजुरीचे शेंडे, रिकामं आकाश. आणखी थोडी. मशिदीचा मनोरा, रिकामं आकाश. टेकडीवरून कोणाचा आवाज आला नव्हता अजून. आणखी थोडी वळवली. खाच संपली, कडा सुरू झाला. मान दुखायला लागली.

आणि मग काहीतरी होतं. मी डोळे मिटले, उघडले. होतं. मान डावीकडे नेली, गेलं. परत आणली, आलं.

"दिसला," मी म्हणालो.

"कुठे?" रकियाने विचारलं.

मी बोट केलं. तिने सवयीप्रमाणे माझं मनगट धरलं. बोटाच्या रेषेत डोळा लावून तिने आकाशाकडे बघितलं, बराच वेळ बघितलं.

मनगट तिने तसंच धरून ठेवलं. हलवलं नाही.